करमत नाही, म्हणून परत यावं का?

बदलीच्या गावी गेलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे लातूरला येतात. पुण्याला गेलेल्यांचा असतो, बंगळुरूला गेलेल्यांचाही असतो. ही हकिकत लेहला गेलेल्या मुलीची आहे. तिच्या परवानगीनंच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील तेवढे बदललेत.

मुलगी लातूर शहरातली. बँकेत अधिकारी म्हणून लागली आणि सप्टेंबरात थेट लडाखमध्ये नेमणूक झाली. जानेवारीत सुट्टीवर आली ती परत न जाण्याच्या बेतानं. माझ्यासमोर दोघी बसल्या, पण बोलत होती आईच. "मॅडम, लेकराला तिथं करमंना. झोप नाही, जेवण नाही. खड्ड्यात गेली ती नोकरी. तुम्हीच सांगा हिला." मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आधी मी झोपेबद्दल खोदून विचारलं. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथं हवेचा दाब इतका कमी, की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. पहिले काही दिवस डोकं दुखणं, भूक मरणं, रात्री दचकून जाग येणं हे धडधाकट माणसालाही होतं. म्हणून विमानानं उतरणाऱ्यानं निदान दोन दिवस स्वस्थ पडून राहावं. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. हिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी रजा कशी मागायची, म्हणून ती उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी कामावर हजर झाली. पुढचा आठवडा भयंकर गेला आणि त्या आठवड्यात तिनं ठरवून टाकलं, की हे गाव आपल्याला मानवत नाही. महिन्याभरात शरीर रुळलं, पण तो निकाल काही बदलला नाही.

जगणं नकोसं वाटतं का, हेही विचारलं. आई बाहेर असताना, सरळ शब्दांत. ती नाही म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं. हो म्हणाली असती तर मी तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. आपल्या घरात कुणाला असं वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

मग तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, लेहचा नकाशा काढ. तिनं खोली काढली, बँक काढली, दोन्हींच्या मधे एक रेघ. बराच वेळ थांबून कोपऱ्यात विमानतळ काढला. चार महिन्यांचं गाव तेवढंच. दुसऱ्या कागदावर तिला लातुरातली तिची गल्ली काढायला सांगितली, तर पेन थांबेना. गिरणी, पिंपळ, शिकवणीच्या बाई, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात टँकर थांबायचा तो कोपरा. तेव्हा ती शाळेत होती, घागरी मोजायचं काम तिच्याकडे होतं. आईनं मधेच दुरुस्ती केली, "कोपऱ्यावर नव्हं गं, दत्ताच्या मंदिरापाशी."

"तिथं फिरलीस का कुठं?" असं विचारल्यावर तिनं फोनमधले पँगाँग सरोवराचे फोटो दाखवले. निळंशार पाणी, हसरे चेहरे. त्या रात्री परत येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली होती. मला याचं नवल वाटलं नाही. पर्यटकाची ठिकाणं पाहून गाव आपलं होत नाही. पर्यटकाला परत जायचं असतं, आणि ती गर्दी पाहून आपल्यालाही परतच जावंसं वाटतं.

"नोकरी सोड" किंवा "सोडू नको" असं मी काहीच सांगितलं नाही. राजीनामा केव्हाही देता येतो, तीन महिने थांबून बघ, म्हटलं. त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला गावाविषयी एक प्रश्न विचारायचा, आणि तो फोनला नाही, माणसाला. पहिला प्रश्न मी दिला. कडाक्याच्या थंडीत नळ गोठले की घरमालकीण पाणी कुठून आणते?

पाण्याचाच का, तर लातूरच्या माणसाला तो विचारायला शिकवावं लागत नाही.

परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं विचारलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात गॅस संपला म्हणून खाली गेली आणि स्वयंपाकघरात तासभर बसली. लडाखी घरात हिवाळाभर सगळं घर स्वयंपाकघरातच राहतं. मधोमध चूल, भोवती बसकण, भिंतीवर चकचकीत तांब्यापितळेची भांडी. ही मात्र वर एकटीच, हीटर लावून फोन बघत. (गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवून झोपत जा, हे मी तिला दर फोनला सांगायचे. बंद खोलीत त्यानं जीव जातो.) डिसेंबरात लोसारला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, घरमालकिणीनं जेवायला बोलावलं होतं. आपण शाकाहारी, उगाच अवघडल्यासारखं होईल म्हणून ही गेली नव्हती. आता त्या बाईंना ती आमा-ले म्हणते, म्हणजे आईच.

आमा-लेंनी मोडक्या हिंदीत टँकरची वेळ सांगितली आणि उन्हाळ्याचीही गोष्ट सांगितली. तिथं वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, शेती सगळी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणारा गावचा नेमलेला माणूस म्हणजे चुरपोन. फोनवर ती मोठ्यानं हसली, "मॅडम, आपला पाटकरीच की!" महिन्याभरात मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं.

पुढचे प्रश्न तिचे तिलाच सुचत गेले. वसंतात पेरणीची वेळ होते तेव्हा हिमनद्या अजून वितळलेल्या नसतात, मग पाणी कुठलं? उत्तर शोधत ती आमा-लेंच्या सुनेसोबत जवळच्या गावात बर्फाचा स्तूप बघून आली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात सुरू केलेला हा प्रयोग. वरच्या ओढ्याचं पाणी नळीनं उतारावर आणायचं, ते आपल्याच दाबानं कारंज्यासारखं उडतं आणि थंडीत गोठत जातं. शंकूचा आकार असल्यानं ऊन कमी लागतं, म्हणून तो सावकाश, नेमका पेरणीच्या सुमाराला वितळतो. हे सगळं तिनं मला आवाजी संदेशात सात मिनिटं सांगितलं. जानेवारीत सात वाक्यं बोलली नव्हती.

सगळं गोड झालं असं नाही. तुरीची डाळ अजूनही शिजता शिजत नाही, कुकरला जास्तीच्या शिट्ट्या लागतात. पाडव्याला गुढीला कडुलिंब मिळेना म्हणून ती रडली. पण रडली ती आमा-लेंच्या स्वयंपाकघरात, आणि त्यांनी विलोची डहाळी आणून दिली. ते रडणं मला पहिल्या रडण्याहून निरोगी वाटलं. बदलीचा अर्ज ती मुदत येताच करणार आहे, आणि तो तिनं करावा असंच मलाही वाटतं.

एप्रिलअखेर तिनं नव्या नकाशाचा फोटो पाठवला. जामा मशिदीमागची तंदूरवाल्यांची गल्ली, नऊ मजली जुन्या राजवाड्याकडे जाणारी पायवाट, दुपारी ऊन येतं आणि म्हातारी माणसं बसतात तो चौथरा, टँकरची जागा. विमानतळ काढायचा राहिला होता.

जूनमध्ये आई तिच्याकडे जाणार आहे. जाण्याआधी माझ्याकडे येऊन गेली. पहिले दोन दिवस पडून राहायचं, हे मी दोनदा बजावलं. तिनं मान डोलावली. मग पिशवीतला काळा मसाला दाखवून विचारलं, "मॅडम, तिथं नळाला पाणी कितव्या दिवशी येतं म्हणे?"