डिग्रीचं नाव नको, सिलॅबस बघ

भावा, 'सायबर सिक्युरिटी' नावाचीच डिग्री पाहिजे म्हणून अडून बसू नकोस. सीईटीला मार्क पडले आणि सांगलीत विश्रामबागच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर किंवा आयटी मिळत असेल, तर घेऊन टाक. दुसरीकडे गेलास तर सिलॅबसमध्ये नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त ठेवायचं शास्त्र) शोध. ही नसतील तर नाव कितीही झकपक असो, पुढं चल.

तोवर घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम टाक. 'बँडिट' नावाचा फुकट खेळ आहे: एसएसएचनं (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) २२२० नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे दारातून, खेळाच्या सर्व्हरवर शिरायचं, प्रत्येक लेव्हलला पुढच्या लेव्हलचा पासवर्ड हुडकायचा. मी सुरुवातीलाच अडकलो, यूट्यूबवर उत्तर बघितलं आणि शिकलो शून्य. तू डोकं खाजवत बस, दोन दिवस गेले तरी चालतील. मग वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून स्वतःच्या वायफायवर डीएनएसची विचारणा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता विचारणं, कशी जाते ते बघ.

स्वतःच्याच, हां! शेजारच्या काकांच्या राउटरवर हात साफ केलास तर आयटी कायदा २०००, कलम ६६: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि ते महागडे 'एथिकल हॅकर' क्लास? एवढ्यात नको. आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नीट येऊ दे.