सात वर्षांचा अनुभव आहे, मग पुन्हा दोन वर्षांची पदविका कशाला?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. मुलीनं २०१५ मध्ये डी.एड. केलं, २०१७ ला टीईटीही (शिक्षक पात्रता परीक्षा) पास झाली, पण भरतीच निघाली नाही. मग ती जवळच्या मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत काळजीवाहक म्हणून लागली. त्याला सात वर्षं झाली. शिक्षिका सोडून गेल्यापासून वर्गही तीच सांभाळते. शर्टाचं बटण लावता न येणारं एक पोरगं तिनं तीन महिन्यांत स्वतःच्या हातानं शर्ट घालायला शिकवलं. आधी वरची बटणं ती लावायची, खालचं शेवटचं तेवढं त्याला लावू द्यायची, मग हळूहळू वाढवत गेली. आता संस्था म्हणते, विशेष शिक्षणाची पदविका आणा, नाहीतर शिक्षिकेच्या जागेवर नाव लागणार नाही. आधीचं डी.एड. आणि हा अनुभव धरून काही सूट मिळत नाही का? टीईटीची मुदतही संपली. एक जण ८० हजारांत, अनुभवाच्या आधारावर, सहा महिन्यांत पदविका काढून देतो म्हणतो. काय करावं? – एक पालक

उत्तर :

रामराम भाऊ,

सूट मिळत नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण या एका आशेवर घरात बरेच दिवस चर्चा झालेली दिसते. विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव असावं लागतं. लोक त्याला सीआरआर नंबर म्हणतात. परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केला तरच तो नंबर मिळतो. साधं डी.एड. तिथं चालत नाही, आणि अनुभवाच्या दाखल्यावर नोंदणी होत नाही. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणी नसताना या क्षेत्रात व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्था अडून बसली आहे ती यामुळे. कागदावर काळजीवाहक आणि वर्गात शिक्षिका ही अवस्था तुमच्या मुलीच्याही हिताची नाही.

तो ८० हजारवाला माणूस दारात उभा करू नका. विशेष शिक्षणाची डी.एड. पदविका दोन वर्षांची आणि नियमित हजेरीची असते. सहा महिन्यांत ती कुणालाच मिळत नाही. असं प्रमाणपत्र आणलं तर सीआरआर नोंदणीच्या वेळी परिषद ज्या संस्थेचं नाव आहे तिथं पडताळणी करते, आणि खोटं निघालं की तुमच्या मुलीच्या सात वर्षांच्या खऱ्या कामावरही लोक संशय घेतील. कोणतीही संस्था दाखवली तरी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्य संस्थांच्या यादीत तिचं नाव, तोच अभ्यासक्रम आणि तेच शैक्षणिक वर्ष आहे का, हे तिन्ही बघा. काही संस्थांना एका वर्षी मान्यता असते आणि पुढच्या वर्षी नसते, म्हणून वर्ष बघायला चुकू नका.

तुमच्या मनातला राग मला कळतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. परिषद नव्यानं उभी राहिली तेव्हा आधीपासून या शाळांत राबणाऱ्या, पण पदविका नसलेल्या लोकांसाठी तिनं ब्रिज कोर्स चालवला होता. म्हणजे अनुभव धरून वाट काढता येते, हे परिषदेला माहीत आहे. विदर्भातल्या कितीतरी निवासी शाळा अशाच काळजीवाहक बायांच्या जिवावर उभ्या आहेत. त्यांच्यासाठी प्रात्यक्षिकाचा भाग अनुभवातून आणि लेखी भाग परीक्षेतून, अशी वाट पुन्हा उघडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण उरलेला अर्धा रागही तपासून बघा. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, त्याच्यासमोर कोण उभं राहतंय याची कुणीतरी खातरजमा करायलाच हवी. नुसत्या वर्षांच्या मोजणीवर पदविका वाटल्या, तर सात वर्षं पोरांना फक्त जेवू घालून झोपवणाऱ्यालाही ती मिळेल.

तुमच्या पत्रातली शर्टाची गोष्ट मी दोनदा वाचली. तिनं वरची सगळी बटणं स्वतः लावली आणि खालचं शेवटचं तेवढं त्याच्यासाठी ठेवलं. ते जमल्यावर शेवटची दोन, मग तीन. दर वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद त्या पोराच्या वाट्याला आला, म्हणून तो टिकला. विशेष शिक्षणात याला कार्यविश्लेषण, म्हणजे कामाचे छोटे टप्पे पाडणं, आणि मागून सुरू होणारी साखळी म्हणतात, आणि पदविकेत ते रीतसर शिकवतात. ती हे स्वतःच्या डोक्यानं करत होती. मग पदविकेत नवं काय मिळेल? मूल्यमापन. मूल आज कुठे आहे हे तपासणीसूचीवर मांडायचं, सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी नावाची सूची त्यासाठीच आहे. त्यावरून त्या एका मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहायचा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. झटके येणाऱ्या, स्वतःला चावणाऱ्या, स्वमग्न मुलांसोबत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हेही. हे नुसत्या अनुभवातून येत नाही, आणि तिला ते लागणार आहे. शिवाय पदविकेच्या वर्गात तिच्या शेजारी बसलेल्या बारावी झालेल्या मुलीला जे समजायला सहा महिने लागतील, ते हिला आठवड्यात समजेल.

म्हणून शाखा निवडताना बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगता, म्हणजे आयडीडी, हीच घ्यावी. कर्णबधिर शाखेत जागा सहज मिळतेय म्हणून तिकडे वळलात तर सात वर्षं खरोखरच वाया जातील.

आता चांगली बातमी. टीईटीची मुदत संपलेली नाही. २०२१ मध्ये केंद्रानं टीईटी प्रमाणपत्राची वैधता आजीवन केली, आणि तीही २०११ पासून मागे जाऊन. २०१७ चं प्रमाणपत्र ट्रंकेतून बाहेर काढा. सर्वसाधारण शाळांतल्या विशेष शिक्षकांच्या जागांसाठीही टीईटीची अट घातली जाते. म्हणजे तिचं जुनं डी.एड. आणि त्यावर दिलेली परीक्षा इथं उपयोगी पडू शकते.

आणि जागा निघण्याची शक्यता आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांची नियमित पदं निर्माण करायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक समूह केंद्राला एक अशा ४,८६० पदांचा निर्णय घेतला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं कंत्राटी विशेष शिक्षकांची छाननी करायला समित्या नेमायला सांगितल्या. त्यातले काही जण वीस-वीस वर्षं काम करणारे. पण वेतनश्रेणी कुणाला, तर जे पात्र ठरतील त्यांना. वीस वर्षांवाल्यांचीही आधी पात्रताच तपासायची आहे, यावरून पदविकेचं वजन लक्षात घ्या.

अनुभवाचा कागद मात्र आजच करून घ्या. नोकरी सोडल्यावर मुख्याध्यापक बदलतात, संस्थेचे सचिव फोन उचलत नाहीत. दाखल्यात रुजू झाल्याची तारीख, पद, कोणत्या प्रकारच्या दिव्यांगतेची मुलं, वर्गात किती, आणि शाळेच्या नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असू द्या. जे पद हजेरीपटावर आणि पगारपत्रकात आहे तेच लिहा. ‘शिक्षिका’ असं लिहून मागू नका, पुढे पडताळणीत तेच अंगाशी येतं. त्याऐवजी ‘काळजीवाहक, तसेच वर्ग अध्यापनात सहाय्य’ असं खरं ते लिहून घ्या. पगारपत्रकाच्या झेरॉक्स सोबत जोडा. खासगी विशेष शाळांच्या मुलाखतीत हा दाखला कामी येतो.

दोन वर्षांचा पगार बुडेल, ही चिंता खरी आहे. संस्थेशी बिनपगारी रजेबद्दल बोलून बघा. वर्ग सांभाळणारी बाई त्यांनाही सहज मिळणार नाही, तेव्हा ऐकतील. शक्य असेल तर संध्याकाळी वसतिगृहाची ड्युटी मागा. नागपूरच्या केंद्र सरकारच्या संयुक्त प्रादेशिक केंद्रात जाऊन विदर्भात यंदा कोणत्या संस्थेला आयडीडीची मान्यता आहे ते विचारा. फी परताव्याची योजना लागू होते का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा.

एक गोष्ट पत्रात नाही, आणि सगळं तिच्यावर अडू शकतं. या पदविकेला बारावीत ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला पाच टक्के सवलत आहे. आपल्याकडे साध्या डी.एड.ला साडेएकोणपन्नासवर प्रवेश मिळायचा, तेव्हा डी.एड. झालं म्हणजे इथं बसेलच असं धरू नका. बारावीची गुणपत्रिका काढून टक्के आणि जातीचा प्रवर्ग कळवा. पुढच्या पत्रात प्रवेशाचं बोलू.