नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रातील संशोधन-पदवी घ्यायची असेल तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मानसशास्त्रातील एम.ए. संपत आले असताना नेदरलँड्समध्ये पुढे कोणते विद्यापीठ निवडावे, शाळेनंतर गणिताशी संबंध सुटलेल्या विद्यार्थिनीला इथले संख्याशास्त्र झेपेल का, आणि शिक्षण झाल्यावर इथेच समुपदेशनाचे काम करता येईल का. मी याच वाटेने नऊ वर्षांपूर्वी इथे आलो आणि तुमच्यासारखीच धास्ती घेऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत छोटे असल्यामुळे ते आधी देतो. आरोग्यसेवेतील मानसशास्त्रज्ञ ही उपाधी इथे कायद्याने संरक्षित आहे. तिच्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि रुग्णाचे बोलणे सहज समजेल इतकी डच भाषा यावी लागते. संशोधनाची पदवी घेतल्याने हा मार्ग आपोआप खुला होत नाही. मनात खरोखर समुपदेशन असेल, तर या अभ्यासक्रमाचा विचार सोडून आजपासून डच शिकायला लागणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

संशोधनच करायचे असेल, तर इथल्या दोन प्रकारच्या पदव्यांमधला फरक समजून घ्या, कारण अर्ज करताना अनेकांचा घोटाळा इथेच होतो. मानसशास्त्राची नेहमीची मास्टर्स पदवी एका वर्षाची आणि 60 श्रेयांकांची असते. रिसर्च मास्टर्स दोन वर्षांची आणि 120 श्रेयांकांची असते. एक श्रेयांक म्हणजे 28 तासांचा अभ्यास असे इथले सरळ गणित आहे, त्यामुळे अभ्यासक्रमपत्रिकेत संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती यांच्यापुढे किती श्रेयांक लिहिले आहेत ते पाहिले की दोन वर्षांतला किती काळ त्यात जाणार हे कळते. पीएच.डी. ही इथे बहुतांशी पगारी नोकरी असते, साधारण चार वर्षांच्या कराराची. तिची जाहिरात निघते, मुलाखत होते, आणि त्या मुलाखतीत तुम्ही हाताळलेल्या माहितीबद्दल बारकाईने विचारले जाते.

आता संख्याशास्त्राकडे वळतो. तुम्ही लिहिले आहे की एसपीएसएस या संख्याशास्त्रीय संगणक-प्रणालीत टी-चाचणी आणि अनोव्हा (गटांच्या सरासरींतला फरक तपासण्याच्या चाचण्या) 'काढता येते'. मलाही काढता येत होती. पहिल्याच सत्रात आम्हाला एक छोटा प्रयोग करायला सांगितले होते: भावनिक अर्थाचे 12 आणि तटस्थ अर्थाचे 12 शब्द पडद्यावर दाखवायचे आणि प्रतिक्रियाकाल मोजायचा. मी 40 जणांना बसवले, प्रत्येकाचे 24 प्रतिसाद घेतले आणि 960 ओळींचा तक्ता तयार केला. त्या 960 ओळींवर टी-चाचणी लावली; पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) इतकी छोटी आली की मी तो कागद जवळजवळ मिरवत नेला. शिक्षकांनी तक्त्यावरून नजर फिरवली आणि एवढेच विचारले, "तुमच्यासमोर माणसे किती बसली होती?" मी चाळीस म्हणालो. "आणि शब्द किती होते?"

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. 960 ओळी म्हणजे 960 स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, कारण सावकाश उत्तर देणारा माणूस आपल्या चोवीसही ओळींत सावकाशच असतो. एवढे तर कोणालाही पटते. पण प्रत्येक माणसाची सरासरी काढून 40 जोड्यांवर चाचणी लावली तरी एक चूक उरतेच. मी निवडलेले 12 भावनिक शब्द हेही भाषेतल्या असंख्य शब्दांतून उचललेला एक नमुनाच आहेत, आणि त्यांतले दोन-तीन शब्द लांब किंवा अपरिचित निघाले तर सगळा फरक तेवढ्यामुळेच दिसू शकतो. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी हा मुद्दा 1973 मध्ये मांडला होता. माणसे आणि शब्द या दोहोंमधला चढउतार एकाच वेळी हिशेबात धरणारी मिश्र प्रारूपे या क्षेत्रात रुळली ती मुख्यतः बायेन, डेव्हिडसन आणि बेट्स यांच्या 2008 च्या लेखानंतर. तसे प्रारूप लावल्यावर माझा फरक तेवढाच राहिला, पण त्याभोवतीची अनिश्चितता इतकी रुंदावली की मिरवण्यासारखे काही उरले नाही. मला सूत्र येत नव्हते म्हणून ही चूक झाली असे मी म्हणणार नाही. ही माहिती कुठून आली हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, आणि इथे तुमच्याकडून अपेक्षा असते ती याच विचाराची. त्याला उच्च गणित फारसे लागत नाही. वेक्टर, मॅट्रिक्स आणि संभाव्यतेची प्राथमिक ओळख यांवर दोन वर्षे निभावतात. त्या दोन वर्षांत खरी कसोटी लागते ती चिकाटीची.

येण्याआधी काय वाचावे, असेही तुम्ही विचारले आहे. वाचण्यापेक्षा एक प्रयोग स्वतः करून पाहा. आर ही संख्याशास्त्राची संगणक-प्रणाली मोफत आहे. ती संगणकावर घ्या आणि खोटी माहिती, म्हणजे सरावापुरते संगणकाने बनवलेले आकडे, तयार करायला शिका. 20 जणांचे दोन गट असे बनवा की त्यांच्या खऱ्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचे माप) फरक असेल. टी-चाचणी लावा, आणि हेच हजार वेळा करा. दहा-बारा ओळींचे काम आहे. फरक खरोखर अस्तित्वात आहे, कारण तो तुम्हीच घातला आहे. तरीही हजारांपैकी साधारण एक-तृतीयांश वेळाच पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली जाईल, म्हणजे निकाल 'लक्षणीय' धरला जाईल. आता फक्त ते 'यशस्वी' प्रयोग बाजूला काढा आणि त्यांत दिसलेला फरक मोजा. एवढ्या लहान गटांत फरक 0.64 प्रमाण विचलनांच्या पुढे गेल्याशिवाय चाचणी त्याला लक्षणीय म्हणतच नाही. म्हणजे खरा फरक 0.5 असताना छापण्याजोगा ठरलेला प्रत्येक प्रयोग तो फुगवूनच दाखवणार. 80 टक्के वेळा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक गटात 64 जण लागतात. गटाचा आकार वाढवत नेऊन हेही पडताळून पाहा. इथे येणाऱ्या कित्येकांना हे आकडे पाठ असतात, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले फार थोड्यांनी असतात.

हा खेळ एकदा खेळला की 2015 मध्ये काय झाले ते नीट समजते. मानसशास्त्रातले 100 अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात पुन्हा करून पाहिले होते. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांनी लक्षणीय निष्कर्ष दिला होता, पुनरावृत्तीत ते प्रमाण 36 टक्क्यांवर आले आणि परिणामांचा आकार सरासरीने निम्मा भरला. नेदरलँड्सला या विषयाची झळ जास्त जवळून बसली. टिलबर्ग विद्यापीठातील डीडरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षे माहिती बनावट तयार केल्याचे 2011 मध्ये उघड झाले, आणि 2012 च्या चौकशी अहवालाने त्यांच्या अवतीभवतीच्या ढिल्या संशोधनपद्धतीवरही बोट ठेवले. पुढे त्याच विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने स्टॅटचेक ही प्रणाली आली, जी छापील लेखातील चाचणीचे आकडे आणि पी-व्हॅल्यू यांचा मेळ बसतो का ते तपासते. तिने तपासलेल्या लेखांपैकी सुमारे निम्म्या लेखांत निदान एक विसंगती सापडली. ॲम्स्टरडॅमचे आद्रियान द ख्रोट, जे बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेवरील संशोधनामुळे ओळखले जातात, त्यांनी 1956 मध्येच बजावले होते की आधी ठरवलेले गृहीतक तपासणे आणि माहितीत काहीतरी शोधत फिरणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. हा इतिहास तुम्हाला इथे परीक्षेत फारसा विचारला जाणार नाही. पण माहिती गोळा करण्याआधी विश्लेषणाचा आराखडा नोंदवून ठेवण्याचा आग्रह शिक्षक का धरतात, हे तो ठाऊक असल्याशिवाय नुसती कटकट वाटते.

विद्यापीठांबद्दल माझे मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. स्वतः पद्धतीशास्त्रात शिरायचे असेल तर उट्रेख्तचा पद्धतीशास्त्र आणि संख्याशास्त्राचा रिसर्च मास्टर्स पाहा. गहाळ माहिती भरून काढण्यासाठी जगभर वापरले जाणारे 'माइस' हे पॅकेज तिथल्या स्टेफ फान ब्यूरेन यांच्या कामातून आलेले आहे. मानसशास्त्राचाच एखादा विषय धरून संख्याशास्त्र पक्के करायचे असेल तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठ मला अधिक योग्य वाटते. जास्प ही संख्याशास्त्राची मोफत प्रणाली तिथलीच, आणि मानसिक विकारांकडे लक्षणांचे जाळे म्हणून पाहणारे डेनी बोर्सबोम यांचे काम तिथेच चालते. ख्रोनिंगेनचाही विचार करा. क्रमवारीच्या यादीला मात्र मी फार किंमत देणार नाही. संख्याशास्त्राचे पेपर कोण शिकवते, प्रबंधासाठी कच्ची माहिती तुम्ही स्वतः हाताळणार की तयार मिळणार, आणि विश्लेषणाचा कोड तपासला जातो का, हे तीन प्रश्न प्रवेश विभागाला आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना लिहून विचारा. उत्तर मोघम आले तर तेही एक उत्तरच समजा.

अर्जासोबतच्या पत्रात 'लहानपणापासून माणसाच्या मनाचे कुतूहल' वगैरे नको. ते सगळेच लिहितात. तुमच्या एम.ए.च्या प्रबंधात काय चुकले, आज तेच काम पुन्हा केले तर नमुना किती घ्याल आणि का, यावर एक परिच्छेद लिहा. तीन वर्षांची पदवी असल्यास ती इथे कशी धरली जाते आणि त्यात संशोधनपद्धतीचे पुरेसे श्रेयांक भरतात का, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

बाकीचे थोडक्यात. व्हिसा आणि निवासपरवान्याचा अर्ज तुमच्या वतीने विद्यापीठच करते, मात्र वर्षभराच्या खर्चाची तरतूद तुम्हाला दाखवावी लागते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांचे शुल्क कितीतरी जास्त असते, आणि नोकरी आठवड्याला 16 तास किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ एवढीच करता येते, तीही मालकाने परवाना काढल्यास. तेव्हा त्या कमाईवर शुल्काचा हिशेब मांडू नका. प्रवेश पक्का झाल्याच्या दिवसापासून घर शोधायला लागा. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत एक वर्षाचा नोकरी-शोध परवाना मिळू शकतो. गुणांचे म्हणाल तर ते दहापैकी असतात आणि 8 म्हणजे उत्तम. पहिल्या पेपरात 7 आले म्हणून मी दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो, तसे तुम्ही करू नका.

शिकवणे इंग्रजीतच असते, पण लहान मुले किंवा वृद्ध यांच्यावर संशोधन करायचे असेल तर सूचना डचमध्ये द्याव्या लागतात. तुमचा प्रबंध मुलांच्या स्मरणावर आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.