वाचकांचे प्रश्न : ट्रेलरला खिडक्या कोणत्या?

प्रश्न : गाडीमागे ओढायचं छोटं फिरतं घर सांवेर रोडवरच्या एका बॉडीवाल्याकडे बनवून घेतोय. लांबी पंधरा फूट, भिंत 30 मिलिमीटरची, मधे पफ (उष्णता अडवणारा फोम) आणि दोन्ही बाजूंनी फायबरचा पत्रा. आम्ही दोघं आणि दोन मुलं. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, सुट्टीत पचमढी, एवढाच पल्ला. बॉडीवाला म्हणतो, बसला लागतात तशा सरकत्या काचा सगळीकडे लावून टाकू. मोबाइलवर पाहिलं तर परदेशात वर उचलायच्या खिडक्या दिसतात. काय घ्यावं? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सगळीकडे एकच प्रकार लावणं बॉडीवाल्याला सोयीचं, तुम्हाला नाही. प्रत्येक भिंतीला खिडकीचं काम वेगळं असतं. म्हणून आधी आतला नकाशा पक्का करा, मग खिडक्या, आणि पत्रा कापणं अगदी शेवटी.

सरकती खिडकी दणकट असते आणि इथल्या इथे दुरुस्त होते. उघडली तरी भिंतीबाहेर येत नाही, त्यामुळे अरुंद जागेत कोणाचं डोकं आपटत नाही. पण ती अर्धीच उघडते. 900 बाय 500 ची (मापं सगळी मिलिमीटरमध्ये) खिडकी घेतलीत तर वाऱ्याला वाट मिळते जेमतेम 430 बाय 480 ची. पाऊस आला की तीही बंद करावी लागते. खालच्या खाचेत माळव्याची धूळ साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि पाणी निघायची भोकं बुजतात.

वरून बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी पूर्ण उघडते. उघडी असताना तिचाच पागोळीसारखा आडोसा होतो, म्हणून सरळ पडणाऱ्या पावसात चार बोटं उघडी ठेवता येते. आषाढात बंद डब्यात चार माणसं झोपणार असतील तर ही गोष्ट लाखमोलाची. या खिडक्या बहुतेक दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या येतात. दोन पत्र्यांमधल्या हवेमुळे ऊन आणि थंडी दोन्ही कमी जाणवतात. तोटे असे की त्या बाहेरून मागवाव्या लागतात, चरे लवकर पडतात, आणि उघडी राहून गाडी निघाली तर वाऱ्याने बिजागरीतून उखडून रस्त्यावर पडतात. घेणार असाल तर टेकू आणि खटक्यांचा एकेक जादा जोड त्याच वेळी मागवा. आधी तेच तुटतात आणि सुटे मिळवताना जीव जातो.

वजनाची चर्चा फार होते, पण तिच्यात दम नाही. 900 बाय 500 ची 5 मिलिमीटर काच साडेपाच किलोच्या वर जाते, तेवढंच दुहेरी अ‍ॅक्रिलिक साडेतीनच्या आसपास. पाच खिडक्यांचा फरक एका बादलीभर पाण्याएवढा. त्यावरून निर्णय घेऊ नका.

तुमच्या नकाशात आम्ही असं करू. झोपायच्या जागी समोरासमोरच्या भिंतींना वर उचलायच्या दोन, म्हणजे वारा आरपार जाईल. बसायच्या टेबलापाशी तिसरी, शक्य तितकी रुंद. बाकाची उंची साडेचारशे धरली तर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे 1150 वर येतात. म्हणून या खिडकीची खालची कड 850 वर आणि वरची 1400 च्या पुढे ठेवा. ओट्यापाशी उभं राहणाऱ्याची नजर त्याहून वर असते. तिथे टेबलाच्या रेषेत खिडकी कापली तर भांडी घासताना फक्त चाकं आणि गवत दिसतं.

ओट्याच्या खिडकीला काचच हवी, अ‍ॅक्रिलिक नको. ते आचेने वाकतं आणि पेटतंही. खिडकी सिंकच्या मागे घ्या. शेगडीच्या मागे घेतलीत तर वाऱ्याने ज्योत विझेल आणि पडदा पेटायची भीती कायमची. इथे सरकती खिडकी शोभते. मात्र एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. खिडकी कितीही मोठी असली तरी गॅससाठी जमिनीलगत जाळीचा झरोका वेगळा ठेवावाच लागतो, आणि तो फ्रिज ठेवताना झाकला जाणार नाही हे पाहा.

मागच्या भिंतीला उघडणारी खिडकी नकोच. धावत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घुमते. जरा फट मिळाली की ती आत ओढली जाते. उजेड हवा असेल तर तिथे बंद काच बसवा. गरम हवा बाहेर घालवायचं काम छताच्या झरोक्याचं, 400 बाय 400 चा पुरतो. खालून खिडकी आणि वरून झरोका एकदम उघडा ठेवला की पंख्याशिवायही हवा खेळते.

आडव्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी कोणी सुचवली तर हात जोडा. घराच्या बाथरूमला ती ठीक आहे. धावत्या गाडीत पट्ट्या खडखडतात, फटींतून धूळ येते, आणि बाहेरून पट्टी सरकवून काढणं चोराला फारसं अवघड नसतं. बिनचौकटीची, बाहेरून सपाट दिसणारी काच देखणी असते खरी, पण तिची खालची कड जेमतेम चार बोटं उघडते. पचमढीला चालेल. इंदूरच्या मे महिन्यात नाही.

आणखी एक, कारण मोबाइलवर चित्रं पाहिलीत म्हणता. अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक देशांत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या ट्रेलरचं दार उजव्या अंगाला असतं. आपल्याकडे दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला हवं. तो नकाशा आरशातल्यासारखा उलटा करून घ्या, नाहीतर सावलीचं कापड आणि टेबलाची खिडकी दोन्ही रस्त्याच्या बाजूला जातील. दार पूर्ण उघडल्यावर त्याच्या फेऱ्यात वर उचलायची खिडकी येत नाही ना, हे कागदावरच तपासा. ही चूक फार जण करतात आणि पहिल्याच दिवशी अ‍ॅक्रिलिकला तडा जातो.

प्रश्न : घराच्या खिडक्या करणारा अ‍ॅल्युमिनियमवाला डोमल सेक्शनमध्ये (घरच्या खिडक्यांना लागणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत) निम्म्या किमतीत करून देतो म्हणतो. चालेल का? — सुदामानगर, इंदूर

उत्तर : एका जागी उभ्या राहणाऱ्या घरासाठी चालेल. रोज धावणाऱ्यासाठी नाही. घरच्या चौकटीचे कोपरे स्क्रूने जोडलेले असतात. खड्ड्यांत ट्रेलरची पेटी पिळवटते आणि ते कोपरे उघडतात. शिवाय त्यात साधी काच घालतात. ती फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. वाहनाला काच लावायची तर ती टफन्डच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली हवी आणि तिच्या कोपऱ्यात आयएस 2553 या भारतीय मानकाचा शिक्का दिसला पाहिजे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. भट्टीत जाण्याआधीच माप, गोलाई आणि कडीचं भोक नक्की करावं लागतं. सियागंजात माप देताना एक सूत चुकलं तर ती काच तुमच्या गळ्यात.

स्वस्तात करायचंच असेल तर बसच्या बॉडीला लागणारी रबर बीडिंगची सरकती खिडकी घ्या. ती धक्क्यांसाठीच बनवलेली असते. कोपरे गोल असलेलीच मागा. चौकोनी कापाच्या कोपऱ्यातून फायबरला तडे जातात.

प्रश्न : ट्रेलरच्या खिडक्यांना काळी फिल्म लावली तर? त्याला इंजिन नाही, मग नियम कसला? — महू

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मच्या भानगडीत न पडता कारखान्यातूनच हलकी रंगीत आलेली, शिक्क्याची काच घ्या.

तसाही फिल्मचा किंवा आतल्या पडद्याचा उपयोग मर्यादित असतो. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता आतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. मुक्कामावर बाहेरून लावायचा चंदेरी पडदा किंवा डाव्या अंगाचं सावलीचं कापड, दोन्ही आतल्या जाड पडद्यापेक्षा जास्त काम करतात. अ‍ॅक्रिलिकची खिडकी असेल तर भर उन्हात आतला काळा पडदा पूर्ण ओढू नका. मधली हवा इतकी तापते की पत्रा वाकडा होतो. बोटभर फट ठेवा.

प्रश्न : मागच्या वर्षी बनवलेल्या ट्रेलरच्या एका खिडकीखालची प्लाय पावसाळ्यात फुगली. बॉडीवाल्याने बाहेरून चारही बाजूंनी सिलिकॉन मारून दिलं, तरी गळतंय. आता खिडकीच बदलायची का? — खातीवाला टँक, इंदूर

उत्तर : खिडकी बहुधा चांगली आहे, बसवणं चुकलंय. चारही बाजूंनी सिलिकॉन मारल्याने तर गळती वाढते. खालच्या कडेची बारीक भोकं पाणी बाहेर पडण्यासाठी असतात. ती बुजली की खाचेत साचलेलं पाणी आत उतरतं. आधी टाचणीने ती मोकळी करा. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागतं.

नाही भागलं तर पाणी नेमकं कुठून येतं ते शोधा. एक माणूस आत बॅटरी घेऊन, दुसरा बाहेर नळी घेऊन. पाणी हळू सोडा आणि खालून सुरुवात करा: आधी खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छताचा सांधा आणि वरचा दिवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच उतरतं आणि काहीच कळत नाही. दिव्याच्या स्क्रूतून शिरलेलं पाणी पफ आणि प्लायच्या मधून चार फूट लांब खिडकीपाशी निघालेलं दिसतं आणि दोष खिडकीला लागतो.

दोष खिडकीचाच निघाला तर आतली चौकट सोडवून खिडकी पूर्ण बाहेर काढा. जुनं सिलिकॉन लाकडी पट्टीने खरवडा. लोखंडी पटाशीने फायबरवर चरे पडतात. सिलिकॉनच्या थरावर नवं काही धरत नाही, म्हणून कण राहू देऊ नका. मग भिंत दोन-तीन दिवस वाळू द्या. फुगलेली प्लाय कापून बदला, वाळवून रंगवली तर पुढच्या पावसात पुन्हा फुगेल.

आता भोकाची कड पाहा. तिथे उघडा पफ दिसत असेल तर खरं कारण हेच. स्क्रू आवळले की पफ दबतो आणि चौकट सैल पडते. कडेचा पफ 25 मिलिमीटर खोल कोरून काढा आणि त्यात पफच्या जाडीच्या लाकडी पट्ट्या चारही बाजूंनी चिकटवून बसवा. चौकट आणि भोक यांत प्रत्येक बाजूला 2 ते 3 मिलिमीटर मोकळी जागा असावी. ठोकून बसवावी लागली तर भोक लहान आहे.

पाणी अडवायचं काम सिलिकॉनचं नाही, ब्यूटाइल टेपचं, म्हणजे रबरासारख्या चिकट पट्टीचं. ती कायम मऊ राहते आणि धक्क्यांबरोबर हलते. 3 मिलिमीटर जाड, 20 रुंद टेप घ्या. 900 बाय 500 च्या खिडकीला 2.8 मीटर लागते, तीन धरा. चौकटीच्या बाहेरच्या पट्टीवर ती न ताणता लावा, जोड खालच्या कडेवर येऊ द्या, कोपऱ्यात नको. खिडकी दाबून बसवा आणि आतून स्क्रू हातानेच, समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळा. ड्रिलने एका कोपऱ्यापासून आवळत गेलात तर चौकट तिरकी होते. स्क्रू भिंतीच्या जाडीपेक्षा लांब नकोत, बाहेरचा पत्रा फुटतो. चोवीस तासांनी पुन्हा एकदा आवळा, कारण तेवढ्यात टेप दबलेली असते. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापा, भिंतीवरचे डाग मिनरल टर्पेंटाइनने पुसा. मे महिन्यात हे काम सकाळी उरका, दुपारी टेप गुळासारखी हाताला चिकटते.

एवढं करूनही मनाच्या समाधानासाठी सिलिकॉन हवंच असेल तर फक्त वर आणि बाजूंना लावा, खाली नाही. शिरक्यासारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. न्यूट्रल मागा.

प्रश्न : दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या आत थंडीत धुकं धरतं. खिडकी खराब झाली का? — राऊ

उत्तर : नाही. कडेला प्लास्टिकची छोटी बुचं दिसतील. ती कोरड्या, ऊन असलेल्या दिवसांत काढून ठेवा, दोन-चार दिवसांत धुकं जातं, मग परत लावा. पुसताना मात्र कोरडं फडकं कधीच फिरवू नका, धुळीने चरे पडतात. आधी भरपूर पाणी ओता, मग साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. स्पिरिट, थिनर, पेट्रोल किंवा काचा पुसायचा अमोनियावाला निळा द्रव लागला तर अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या भेगा पडतात आणि त्या जात नाहीत.

प्रश्न : मुलं झोपतात त्या टोकाला खिडकी लहान ठेवली तर थंडी कमी लागेल ना? — राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : थंडी कमी लागेल, पण तिथेच सर्वांत मोठी खिडकी ठेवा. ट्रेलरला दार एक आणि शेगडी बहुधा त्याच दाराजवळ. आग लागली तर झोपलेल्यांना बाहेर पडायला दुसरी वाट तीच. उघडल्यावर किमान 450 बाय 600 ची मोकळी जागा मिळायला हवी, आणि ती दाराच्या समोरच्या भिंतीत असावी. म्हणजे तिथे सरकती नको, वर उचलायचीच हवी. मच्छरजाळी स्क्रूने पक्की करू नका, एका हाताने निघेल अशी ठेवा. खटके मुलांना स्वतः उघडता येतात का, ते अंधारात एकदा करवून पाहा.