वाचक विचारतात : साठ ओळींची फाइल, एक्केचाळीस रिजेक्ट

प्रश्न : नमस्कार. आमचा समुद्रपूर तालुक्यात (जि. वर्धा) दहा बायांचा बचत गट आहे, हळद, तिखट, सरगुंडे, कुरड्या, मूगवड्या असा माल करतो. यंदा ऑनलाइन विकायचं ठरवलं. एकेक वस्तू टाकत बसलो तर दिवस जाते म्हणून माझ्या पोरानं एक्सेलची फाइल भरून ६० वस्तू एकदम टाकल्या, तर ४१ रिजेक्ट झाल्या. तीनदा टाकली, दरवेळी वेगळंच काही दाखवून राहिलं. जे चढलं त्यात हळदीचं फक्त अर्ध्या किलोचं पाकीट दिसते, १०० आणि २५० ग्रॅमचं गायबच. पोरगा म्हणते सोडून दे आई, हे आपलं काम नाही. फाइल सोबत पाठवली आहे, पाहाल का?

उत्तर : ताई, पहिले तर पोराला सांगा की सोडायचं नाही, त्यानं काम चांगलं केलंय. मी फाइल ओळ न् ओळ पाहिली आणि ४१ चुका नाहीतच त्यात, चारच आहेत, त्याच चार सगळ्या फाइलभर पसरल्या आहेत. आणि त्यातली सगळ्यात मोठी तर त्याच्या हातून झालीच नाही, एक्सेलनं केली.

तुमचा फूड लायसन्सचा नंबर १४ आकडी आहे ना, तो त्यानं बरोबरच टाईप केला असणार. पण एक्सेलला वाटतं की हा मोठा आकडा आहे, हिशोबाचा, म्हणून ते त्याला आखूड करून दाखवतं, २.१५ आणि पुढे इंग्रजी ई, अधिकचं चिन्ह आणि १३. दिसायलाच तसं असतं तर चाललं असतं, पण फाइल सीएसव्ही (साइटवर चढवायची नुसत्या मजकुराची साधी फाइल) म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं, आणि पुन्हा उघडली की २१५ च्या पुढे अकरा शून्यं. असा लायसन्स नंबर कोणाचाच नसतो, म्हणून रिजेक्ट. तसंच एचएसएन कोडचं, म्हणजे जीएसटीसाठी प्रत्येक मालाला ठरलेल्या नंबरचं. हळदीचा कोड ०९१० पासून सुरू होतो, मिरचीचा ०९०४ पासून, आणि एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं, तुमच्या फाइलमधे सगळीकडे ९१० न् ९०४ च उरलंय.

यावर उपाय एकच आणि तो आकडे भरायच्या आधी करायचा : तो पूर्ण कॉलम निवडा, राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, त्यात टेक्स्ट. मग भरा. आधी भरून नंतर टेक्स्ट केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही. आणि एकदा सीएसव्ही झालेली फाइल डबल क्लिक करून उघडून पाहायचा मोह होतो, तो टाळा, कारण उघडताना एक्सेल पुन्हा तोच खेळ करतं न् चुकून सेव्ह दाबलं की संपलं. पाहायचीच असेल तर नोटपॅडमधे पाहा. मूळ एक्सेल फाइल वेगळी ठेवा, दुरुस्ती नेहमी तिच्यात.

दुसरी चूक मला पाहून बरं वाटलं, कारण पोरानं मोबाइलवर मराठी कीबोर्डनं भरलंय हे लगेच कळलं. किमतीच्या कॉलममधे मराठी आकडे आहेत. आपल्याला १२० म्हणजे १२०, पण साइटला तिथं इंग्रजी आकडाच लागतो, मराठी आकडा तिच्या लेखी अक्षर आहे. सोबत काही ठिकाणी 'रु.' लिहिलंय, एका ठिकाणी हजाराचा स्वल्पविराम आहे, स्टॉकमधे '२० पाकिटं' आहे. तिथं नुसता आकडा, बाकी काही नाही, मागे स्पेससुद्धा नाही.

वजनाचा कॉलम मात्र मनावर घ्या, कारण इथं रिजेक्ट होत नाही, चढून जातं आणि नुकसान करतं. वर 'किलो' लिहिलंय आणि तुम्ही २५० भरलंय. म्हणजे हळदीचं एक पाकीट अडीच क्विंटलचं झालं, अन् कुरिअरचा खर्च त्या हिशोबानं लागेल, कोण घेईल ते? तिथं ०.२५ पाहिजे. प्रत्येक साइटचं एकक वेगळं असतं, कुठं ग्रॅम, कुठं किलो, म्हणून कॉलमचं नाव वाचल्याशिवाय एकही आकडा टाकू नका.

आता गायब झालेली पाकिटं. तुम्ही तिन्ही वजनांना एकच एसकेयू दिलाय, 'हळद'. एसकेयू म्हणजे त्या पाकिटाचं आधार कार्ड समजा, दोघांचं सारखं असूच शकत नाही. साइटनं १०० ग्रॅम चढवलं, मग तोच एसकेयू २५० ला दिसला म्हणून त्याच्यावरच लिहिलं, मग ५०० नं त्यालाही पुसलं, उरलं शेवटचं. इंग्रजी अक्षरात साधं काहीतरी ठेवा, हळदीचे एच एल डी, पुढं डॅश, पुढं वजन. आणि एकदा दिला की बदलायचा नाही, कारण पुढचा सगळा स्टॉक, ऑर्डर, परतावा त्याच नावानं चालतो.

तीनदा वेगळी चूक काहून दाखवली, तर बऱ्याच ठिकाणी एका ओळीतली पहिली चूक सापडली की तपासणी तिथंच थांबते, ती दुरुस्त केली की मागची पुढे येते. म्हणून नंतर पहिले ३ ओळीच पाठवा, एक हळद, एक तिखट, एक सरगुंडे. त्या साफ चढल्या की बाकीच्या ५७. अपलोडनंतर जो रिपोर्ट डाउनलोड होतो त्यात ओळीचा नंबर आणि कारण लिहिलेलं असतं, तो पोराजवळ बसून वाचा, इंग्रजी असलं तरी तेच चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात. आणि 'प्रोसेसिंग' दिसत असताना लाइन गेली किंवा रेंज गेली तर घाईनं परत अपलोड करू नका, पहिली फाइल तिकडं पोचलेली असू शकते.

एक आणखी, तुम्ही वर्णनात वायगाव हळद लिहिलंय. वायगाव हळदीला जीआय (त्या भागाचाच माल म्हणून सरकारी नोंद) आहे, तुमच्याच तालुक्याची शान आहे ती, पण ते नाव मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी केली नसेल तर करून घ्या, तोवर नुसतं हळद लिहा.

प्रश्न : फोटोची लिंक टाकली तरी फोटो येत नाही. लिंक माझ्या मोबाइलवर तर उघडते. (उमरेड)

उत्तर : ती गूगल ड्राइव्हची शेअर लिंक आहे दादा. ती उघडल्यावर फोटो असलेलं एक पान येतं, फोटो नाही, आणि साइटला सरळ फोटोच पाहिजे. शिवाय तुमच्या मोबाइलवर तुम्ही लॉगिन आहात, साइट नाही. विक्रेत्याच्या पॅनलमधे फोटो अपलोड करायची जागा बहुतेक असते, तिथं टाकून तिथलीच लिंक कॉपी करा.

प्रश्न : पुसदला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. २०० मालाचे भाव बदलायला जुनीच फाइल भरून टाकली, फक्त भाव भरले, बाकी रिकामं ठेवलं. सगळा स्टॉक शून्य झाला. शिवाय साइजच्या जागी तारखा येऊन राहिल्या.

उत्तर : भाऊ, रिकामा रकाना म्हणजे 'जसं आहे तसं राहू द्या' असं आपण धरतो, पण पूर्ण अपडेटच्या फाइलमधे त्याचा अर्थ 'पुसून टाका' असा होतो. भाव आणि स्टॉक बदलायची वेगळी छोटी फाइल असते, किंवा फाइलमधेच पूर्ण की अंशतः अपडेट हे निवडायचा कॉलम असतो, तो नीट पाहा. आणि काहीही बदलायच्या आधी चालू यादी डाउनलोड करून तारीख घालून ठेवा. ती असती तर स्टॉक दहा मिनिटांत परत चढला असता, आता दुकानात मोजूनच भरावा लागेल.

साइजचं दुखणं मी स्वतः भोगलंय. मावसभावाच्या दुकानाचे फ्रॉक टाकले होते, साइज २-४ आणि ४-६ वर्षं. एक्सेलनं केलं २ एप्रिल आणि ४ जून, मी न पाहता पाठवलं, अन् दिवाळीचे आठ दिवस एकाही आईला आपल्या लेकीचा साइज सापडला नाही. भाऊ काही बोलला नाही, पण तो माल पडून राहिलेला मी पाहिला. साइजचा कॉलमसुद्धा भरायच्या आधी टेक्स्ट करा, आणि साइटनं ड्रॉपडाउन दिला असेल तर हातानं टाईप न करता त्यातूनच निवडा.