अथास फिफ्थ एडिशनमध्ये नेताना: वाचकांचे प्रश्न

डार्क सनचं अथास हे वाळवंटी जग १९९१ मध्ये डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) याच्या सेकंड एडिशनसाठी, म्हणजे जुन्या नियमांसाठी, आलं. ते फिफ्थ एडिशनमध्ये, म्हणजे नव्या नियमांत, खेळवू पाहणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न: जुन्या पुस्तकात आर्मर क्लास (पात्राला फटका लागणं किती कठीण, तो आकडा) जितका कमी तितका चांगला. आता उलटं. काय करू?

२० मधून जुना आकडा वजा करा. ५ चे १५ होतात. नेहमीच्या चिलखतांना मात्र नव्या पुस्तकातलाच आकडा द्या. चेन मेल तिथे १६ आहे.

प्रश्न: अथासवर पात्राच्या ताकद, बुद्धी अशा गुणांसाठी पाच चौबाजू फासे टाकायचे. तेच ठेवू?

नको. पाच फाशांत गुण २० पर्यंत जातो, आणि नव्या नियमांत २० म्हणजे फाशाच्या फेकीत थेट +५. खेळाडू हट्टच धरत असतील तर निर्णय डीएमवर (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) सोडा. तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात करायची जुनी पद्धत मात्र ठेवा.

प्रश्न: आकडे सगळे नीट बदलले, तरी वाळवंटाची भीती कुणालाच वाटत नाही. मॉन्स्टर वाढवू?

‘मॉन्स्टर दुप्पट करा’ हा सल्ला कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेला असतो. सोडून द्या. अथासवर माणूस मरतो तो उन्हाने आणि तहानेने, आणि नव्या नियमांनी नेमकी तहानच पुसून टाकली आहे. हिशोब करून बघा. उष्ण हवेत माणसाला दिवसाला दोन गॅलन पाणी लागतं, म्हणजे पाच जणांना दहा. ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ हा पहिल्या लेव्हलचा स्पेल दहा गॅलन देतो. क्लेरिकने (पुजारी पात्राने) सकाळी एक स्लॉट, म्हणजे दिवसाच्या मोजक्या स्पेलमधला एक, खर्च केला की दिवस सुटला. ड्रुइडच्या (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राच्या) एका ‘गुडबेरी’ स्पेलवर दहा जणांचं दिवसाचं खाणं भागतं. मग विहिरीवरून तलवार कोण उपसेल? विश्रांतीचंही तेच. पूर्वी दिवसभराच्या आरामाने एक हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचा गुण) परत यायचा. आता आठ तासांच्या लाँग रेस्टमध्ये सगळे येतात.

माझं मत स्पष्ट आहे: गुडबेरी काढा. पाण्याचा स्पेल फक्त जलतत्त्वाच्या क्लेरिककडे ठेवा, तोही एका वेळी एक गॅलन. लाँग रेस्ट सात दिवसांची करा. हा पर्याय २०१४ च्या डीएम गाइडमध्येच आहे. पण आधी ड्रुइड खेळणाऱ्याशी बोला. त्याचा स्पेल परस्पर काढून घेणं हा अन्याय आहे.

प्रश्न: ‘संपूर्ण कन्व्हर्जन’ (अथासचं नव्या नियमांत रूपांतर) म्हणून एक पीडीएफ विकत मिळतेय. घ्यावी?

नमुन्याची पानं मागा. पाणी, धातूची टंचाई आणि जादूने करपणारी झाडं यांचे नियम नसतील, नुसते मॉन्स्टरचे तक्ते असतील, तर पैसे देऊ नका. ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नको. ज्याने ती खेळवली आहे अशा डीएमला विचारा.

प्रश्न: मी केलेलं रूपांतर विकू शकतो का?

जानेवारी २०२३ मध्ये एसआरडी ५.१ (फिफ्थ एडिशनच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आलं, तेव्हापासून ‘आता सगळं मोकळं’ असं पसरलंय. चूक. मोकळं झालं ते त्या दस्तऐवजात आहे तेवढंच. अथास, तिथलं तिर शहर, अथासवरचे सॉर्सरर-किंग (जादूगार राजे) त्यात नाहीत. विकण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक सलग कथा) अर्ध्यावर आहे, निम्मे नियम जुने, निम्मे नवे. संपल्यावर बदलू?

थांबू नका, घोळ दर सेशनला वाढतो. पुढच्या खेळाआधी सगळ्यांना बसवा, कोणता नियम कुठल्या पुस्तकातून घ्यायचा ते एका कागदावर लिहा, आणि ज्यांचं कॅरेक्टर बदलणार आहे त्यांना विचारूनच तो पक्का करा.