बाग पालिकेची, माळी संस्थेचा

प्रश्न : ताई, नमस्कार. सध्या मुलीकडे जर्सी सिटीला आलोय. परवा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गेलो, तर हिरवळीला कुंपण आणि वर लाल झेंडी. आत जायची सोय नाही. काम करणाऱ्या माळीणबाई पालिकेच्या नव्हेत, कुठल्याशा संस्थेच्या. मग ही बाग शहराची की खासगी? विचारायचं कारण असं, की पुण्यात आमच्या सोसायटीशेजारची पालिकेची बाग ‘संस्था काढून आपणच सांभाळू’ असं मंडळी म्हणतायत. मला धास्ती वाटते, बाग हातची जाईल.
— एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : काका, बाग शहराचीच. ८४३ एकरांतली वीतभर जागाही संस्थेच्या नावावर नाही, आणि नियम ठरवतं ते शहराचं उद्यान खातं. सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी बाग राखते आणि खर्चाचा मोठा वाटा देणग्यांतून उभा करते.

ही संस्था १९८० सालची. त्याआधी १९७५ च्या सुमाराला शहराचं दिवाळं वाजायची वेळ आली होती, आणि तसं झालं की पहिली कात्री लागते ती बागांना. बागेतल्या शीप मेडो या मोठ्या हिरवळीवर १९३४ पर्यंत खरोखरीच मेंढ्या चरायच्या. सत्तरच्या दशकात तिथं गवत जाऊन नुसती धूळ उडत होती. एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांनी संस्था काढायला पुढाकार घेतला. शहराशी बाग सांभाळण्याचा रीतसर करार झाला १९९८ मध्ये, म्हणजे आधी काम दाखवलं, मग कागद.

मी सुट्टीच्या दिवशी तिथं तण उपटायला जाते, म्हणून आतलं थोडं सांगते. बागेचे ४९ भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला ठरलेला माळी. कचरा, झुडपं, बाकं, आमच्यासारखे हौशी मदतनीस, सगळ्याचा जाब त्यालाच. (आपल्याकडे फोन कुणाला करायचा हेच कळत नाही!) आमच्या भागाची माळीण पाऊस थांबला की फुलांकडे ढुंकून बघत नाही. आधी पाणी जायच्या जाळ्यांवरची पानं हातानं ओढून काढते. पाणी तुंबलेल्या हिरवळीवर माणसं चालली की माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही. तुम्ही पाहिलेली लाल झेंडी त्याच काळजीपोटी.

खटकणारी बाजूही आहे. २०१२ मध्ये श्रीमंतांचा पैसा गुंतवणारे हेज फंडवाले जॉन पॉल्सन यांनी संस्थेला दहा कोटी डॉलर दिले, तेव्हा गरीब वस्त्यांतल्या बागांचं काय, असं लोकांनी विचारलं. रास्तच विचारलं. बागेलगतच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचे श्रीमंत शेजारी सगळ्याच बागांच्या नशिबी नसतात.

तेव्हा तुमच्या मंडळींना अडवू नका, पण करार वाचल्याशिवाय सहीही करू देऊ नका. बागेच्या वेळा पालिकाच ठरवील. संस्था आली म्हणून पालिका आपला खर्च काढून घेणार नाही. वर्गणी न देणाऱ्या वस्तीतली पोरं तितक्याच हक्कानं खेळतील. एवढं लिहून घ्या, मुदतही घाला. आणि पहिल्याच बैठकीत कमानीचा नि नावांच्या फलकाचा विषय निघेल, निघतोच! तो वर्षभर पुढे ढकला आणि त्या पैशात एक माळी नेमा.